फाट्यावर पोहोचलो की रुग्णापाशी?

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा किंवा करमाळा तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवरून १०८ला फोन येतो. अँब्युलन्स फाट्यावर थांबते, कारण पुढची उसातली वाट ट्रॅक्टरपुरतीच आहे. न्यायला कुणीतरी मोटारसायकल घेऊन उभा असतो. स्ट्रेचर, ऑक्सिजन, बॅग उचलायची आणि उरलेलं अंतर पायी कापायचं. ‘पोहोचलो’ हे बटण पायलटनं, म्हणजे गाडीच्या चालकानं, फाट्यावरच दाबलेलं असतं. त्यात त्याचं काही चुकलेलं नसतं, गाडी थांबली की दाबायचं असंच त्याला सांगितलेलं आहे. पण कागदावरची मिनिटं आणि रुग्णाला प्रत्यक्ष हात लागेपर्यंत गेलेली मिनिटं, या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

रुग्ण हॉस्पिटलच्या दारात पोहोचेपर्यंत त्याच्यावर जे उपचार होतात, ते शिकवणं आणि त्यावर संशोधन करणं हे आमचं काम. या वाटेला येऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय, ज्या क्रमानं गोष्टी अडतात त्याच क्रमानं. पदव्यांबद्दल थोडक्यात, कागदांबद्दल सविस्तर.

महाराष्ट्रात १०८ची अँब्युलन्स सेवा २०१४ पासून आहे. सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या, २३३ अ‍ॅडव्हान्स लाइफ सपोर्टच्या (गंभीर रुग्णांसाठी जास्त साधनांच्या) आणि ७०४ बेसिक. बऱ्याच राज्यांत गाडीत ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) असतो, आपल्याकडे डॉक्टर बसवायचं ठरलं. ते बरं की वाईट हा वाद बाजूला ठेवू. पॅरामेडिकच्या, म्हणजे डॉक्टर नसलेल्या पण तातडीचे उपचार शिकलेल्या माणसाच्या, दृष्टीनं त्याचा अर्थ एवढाच, की कोर्स केलेली मुलं बहुतेक करून कॅज्युअल्टीत, खासगी कार्डियाक अँब्युलन्सवर नाहीतर कारखान्याच्या दवाखान्यात लागतात. शिकवणाऱ्याच्या पदालाही स्वतःचं नाव क्वचितच मिळतं. ट्यूटर, इन्स्ट्रक्टर, स्किल लॅब को-ऑर्डिनेटर, पाटी कुठलीही असो, काम तेच. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीच्या २०२१च्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात ‘इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स केअर पॅरामेडिक’ ही नावं आली, हा त्यातल्या त्यात दिलासा. ऑस्ट्रेलियातसुद्धा पॅरामेडिकांची राष्ट्रीय नोंदणी डिसेंबर २०१८ मध्येच सुरू झाली, तेव्हा आपण फार मागे पडलो म्हणून कपाळाला हात लावायचं कारण नाही.

पीएचडी करायची तर यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे किमान ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं, त्यात किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क. अडचण वेगळीच असते. अँब्युलन्सच्या विषयाला गाईड मिळतो तो बहुधा कम्युनिटी मेडिसिनचा. त्यांचं संख्याशास्त्र पक्कं असतं, पण चालत्या गाडीत बीपी कसं घेतात ते त्यांनी पाहिलेलं नसतं. तुम्ही ते रोज घेतलेलं असतं, पण मीडियन (ओळीनं लावलेल्या आकड्यांतला मधला) आणि मीन (सरासरी) यांत तुमची गल्लत होते. पहिल्या महिन्यातच गाईडला एका शिफ्टला गाडीत बसवावं आणि आपण त्यांच्या एमडीच्या विद्यार्थ्यांबरोबर आकडेमोडीला बसावं. पुढचं बरंच भांडण वाचतं.

पहिला अभ्यास रुग्णांवर करू नये. मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर करावा. विषय वर्गातच पडलेले असतात. एक उदाहरण सीपीआरच्या, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबण्याच्या मोजणीचं. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, ३० दाबांमागे २ श्वास, हे सगळ्यांना पाठ असतं. मुलं मोठ्यानं मोजत दाबतात. एक ते दहा झकास जातं, आकडे सुटसुटीत आहेत. अकरापासून जीभ जड होते आणि ‘एकोणीस’, ‘पंचवीस’, ‘एकोणतीस’पाशी तोंडाबरोबर हातही रेंगाळतो. घाबरलेला मुलगा उलट करतो, आकडे गिळून टाकतो आणि वेग १४०वर नेतो. मग छाती पुरती वर यायच्या आत पुढचा दाब पडतो. एक ते दहा तीनदा मोजायला सांगितलं, तिसऱ्या ‘दहा’ला श्वास, की हात एका लयीत राहतो असं आम्हाला दिसतं. पण ‘दिसतं’ म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून अभ्यास.

तो करताना काय बिघडतं ते सांगतो. निम्म्या मुलांनी आधी तीसपर्यंत मोजायचं, निम्म्यांनी आधी दहा-दहा, आणि विश्रांतीनंतर अदलाबदल. सगळ्यांनी एकाच क्रमानं केलं तर दुसऱ्या फेरीतला थकवा किंवा सराव मोजणीच्या खात्यावर जमा होतो. फीडबॅक देणाऱ्या मॅनिकिनचे दिवे मुलाला दिसता कामा नयेत, नाहीतर तो आकडे सोडून दिव्याकडे बघत दाबतो. मॅनिकिन सगळ्यांना एकच ठेवायचा. जुन्याची स्प्रिंग मऊ पडलेली असते, त्यावर खोली फुकटात मिळते. मॅनिकिन जमिनीवर ठेवायचा, कॉटवर नको, गादी दबते आणि निम्मी मेहनत तिच्यात जाते. प्रत्येकी २ मिनिटं, त्याहून जास्त नाही. आणि यालाही एथिक्स कमिटीची (संशोधनात सहभागींचं हित जपलं जातं का ते तपासणाऱ्या समितीची) मंजुरी लागते, कारण विद्यार्थी हे इथे सहभागी आहेत. संमतीचा कागद त्यांना गुण देणाऱ्यानं पुढे करायचा नाही. मास्तरांनी विचारल्यावर कोण नाही म्हणणार?

रुग्णांच्या नोंदींवर काम सुरू करायचं तर परवानग्या दोन लागतात आणि दोन्ही वेगळ्या टेबलांवर अडकतात. एक एथिक्स कमिटीची, दुसरी नोंदी ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांची. दुसरीला जास्त वेळ लागतो, म्हणून पत्र आधी तिथे द्यावं. पत्रात ‘सर्व डेटा’ मागितला की फाईल तिथेच बसते. कुठल्या महिन्यांच्या, कुठल्या तालुक्यांतल्या, कुठल्या प्रकारच्या केसेसचे कोणते रकाने हवेत ते मोजून लिहावं, नाव आणि फोन नंबर का हवा किंवा का नको हेही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत तपासणीचे तीन मार्ग आहेत, सूट, जलद आणि पूर्ण कमिटीपुढे. जुन्या, नाव-गाव काढलेल्या नोंदी असतील तर संमतीतून सवलत मागता येते. ती आपोआप मिळत नाही, कारण देऊन मागावी लागते.

संमतीपत्राचं भाषांतर हे सोलापुरात निम्मं काम आहे. शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कानडी, शहरात उर्दू-हिंदी आणि सगळीकडे मराठी. नुसतं भाषांतर पुरत नाही. दुसऱ्या माणसाकडून ते परत मराठीत आणवायचं आणि मूळ कागदाशेजारी ठेवून बघायचं. मराठीतही घोटाळे होतात. ‘आम्ही एक अभ्यास करीत आहोत’ हे वाक्य नातेवाईक असं ऐकतात, की शिकाऊ पोरं आमच्या माणसावर हात साफ करणार. आता आम्ही ‘माहिती गोळा करतोय, उपचारात काही फरक पडणार नाही’ असं लिहितो.

आता घड्याळं. एका केसमध्ये निदान चार असतात. कॉल सेंटरच्या सर्व्हरचं, गाडीतल्या टॅबचं, मॉनिटरचं आणि कॅज्युअल्टीच्या भिंतीवरचं. पाचवं सिस्टरच्या मनगटावर. सर्व्हर सेकंदापर्यंत बरोबर असतो. मॉनिटरची आतली छोटी बॅटरी संपली की त्याची तारीखच मागे जाते. कॅज्युअल्टीच्या रजिस्टरात वेळ पाचाच्या पटीत पडते, १०.२०, १०.२५, मधली मिनिटं जणू नसतातच. हे सगळं एका तक्त्यात ओतलं, की रुग्ण घटनास्थळावरून निघायच्या आधीच हॉस्पिटलात दाखल झालेला सापडतो. नवखा संशोधक अशा ओळी चूक म्हणून काढून टाकतो. तसं करू नये. कमी अंतराच्या केसेस अशाच गळतात आणि उरलेली सरासरी फुगते.

त्यावर उपाय साधा आहे. शिफ्ट सुरू होताना मॉनिटरच्या पडद्याशेजारी मोबाइल धरून एक फोटो काढायचा. मोबाइलची वेळ नेटवर्कवरून येते, दोन्हींतला फरक वेगळ्या रकान्यात लिहायचा, ‘मॉनिटर ७ मिनिटं पुढे’. मूळ वेळ खोडायची नाही. दुरुस्त वेळ नव्या रकान्यात, म्हणजे सहा महिन्यांनी कुणी विचारलं तर उत्तर देता येतं. विश्लेषण करताना सरासरीऐवजी मीडियन आणि ९०वा शतांक द्यावा. रस्त्यात फाटक लागलेली एक केस सरासरी बिघडवते, मीडियनला तिचं काही वाटत नाही. आणि ९०वा शतांक सांगतो दहातल्या सगळ्यात दुर्दैवी माणसाचं काय झालं ते.

रकाना श्वसनाचा, मिनिटाला किती श्वास. ट्रिप शीटच्या (अँब्युलन्सच्या दर फेरीच्या नोंदीच्या कागदांच्या) गठ्ठ्यातून हा एकच रकाना वाचत गेलं तर १८, २०, २०, १८, २२, २० असा जप ऐकू येतो. इतकी माणसं इतक्या शिस्तीत श्वास घेत नसतात. हा आकडा मोजलेला नाही, लिहिलेला आहे. जखमी किती गंभीर ते मोजणाऱ्या रिव्हाइज्ड ट्रॉमा स्कोअरमध्ये (गुण कमी तितका माणूस गंभीर) १० ते २९ श्वासांना ४ गुण, २९ च्या वर गेले की ३. म्हणजे ३४च्या गतीनं धापणारा माणूस कागदावर २० झाला, की त्याची गंभीरता तिथेच पुसली जाते. शिकवताना आम्ही नाडी बघितल्यासारखं मनगट धरून पोटाकडे बघायला लावतो, पूर्ण एक मिनिट. रुग्णाला कळलं की श्वास मोजताहेत, तर तो श्वास बदलतो. बीपीचंही तसंच. खड्ड्यांतून जाताना ऑटोमॅटिक कफ पुन्हा पुन्हा फुगतो आणि शेवटी एरर देतो. मग नाडीवर बोट ठेवून फक्त वरचं बीपी घ्यावं आणि शीटवर तसं लिहावं. ‘१२०/८०’ लिहून मोकळं होऊ नये.

ग्लासगो कोमा स्केलचा, म्हणजे डोळे, बोलणं आणि हालचाल यांना गुण देऊन शुद्ध मोजण्याच्या पद्धतीचा, किस्सा खास आपल्या गावचा. पूर्व भागातल्या एखाद्या आजी यंत्रमागाच्या शेडमध्ये पडल्या. डोळे उघडे, बोलताहेत, पण तेलुगूत. गाडीतल्या माणसाला कळत नाही. तो बोलण्याला २ देतो, ‘अर्थहीन आवाज’. ‘हात वर करा’ हे मराठीत सांगितलं, त्यांना समजलं नाही, म्हणून हालचालीला ६ ऐवजी ५. डोळ्यांचे ४ धरून बेरीज ११. पूर्ण शुद्धीवर असलेली बाई १५ वरून ११ वर. ट्रॉमा स्कोअरच्या हिशेबात ही ४ वरून ३ ची पायरी, तिचं वजन ०.९३६८. बाकी सगळं ठीक असताना ७.८४०८ चा माणूस ६.९०४० होतो, निव्वळ भाषेपायी. म्हणून आमच्या मुलांना तेलुगूतलं ‘नोप्पी एक्कड?’ आणि कानडीतलं ‘नोवु एल्लि?’ (कुठे दुखतंय?) ही दोन वाक्यं मानेला कॉलर लावण्याइतकीच पक्की यावी लागतात. संशोधनाच्या फॉर्मवर ‘रुग्णाची भाषा’ आणि ‘दुभाषी कोण होतं’ हे दोन रकाने आहेत. आधी ते नव्हते, आणि ज्या वर्षांत नव्हते त्या वर्षांचा बोलण्याचा स्कोअर आम्ही वापरत नाही.

मग खरी अडचण, दारापलीकडची. रुग्ण कॅज्युअल्टीत सोपवला की अँब्युलन्सचा कागद संपतो आणि हॉस्पिटलचा सुरू होतो, आणि या दोघांना जोडणारा एकही नंबर नसतो. ट्रिप शीटवर ‘अनोळखी पुरुष, अंदाजे ३५’. केस पेपरवर दोन तासांनी सापडलेलं नाव, वय ४१. आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हेनं. आम्ही तारीख, पोहोचल्याच्या वेळेत ३० मिनिटांचा फरक, लिंग, वयात ५ वर्षांपर्यंत फरक आणि घटनेचं ठिकाण एवढ्यावर जोड्या लावतो. अपघात असेल तर एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचा) नंबर सोनं. जोड्या दोघांनी स्वतंत्रपणे लावायच्या, एकमेकांच्या न बघता, मग कप्पा (दोघांचं किती जुळलं ते सांगणारा संख्याशास्त्रातला आकडा) काढायचा. जुळल्या नाहीत त्या तिसऱ्याकडे. ३० दिवसांनी फोन करायचा तर शीटवरचा नंबर बहुधा वाटसरूचा असतो, ज्यानं रस्त्यात थांबून १०८ लावला होता. त्याला रुग्णाचं पुढे काय झालं ते माहीत नसतं, उलट तोच आपल्याला विचारतो. नातेवाइकाचा नंबर हँडओव्हरच्या वेळीच घ्यावा.

न जुळलेल्या केसेस किती आणि कशा, हे निकालाइतकंच महत्त्वाचं आहे. अनोळखी, बेवारस, पुण्या-हैदराबादला हलवलेले आणि स्वतःहून निघून गेलेले, हेच सगळ्यात जास्त गळतात आणि हे लोक सरासरी रुग्णासारखे नसतात. शिवाय अँब्युलन्सच्या नोंदीत जे येतच नाहीत, रिक्षात, टेम्पोत घालून आणलेले आणि जागीच गेलेले, त्यांचा विचार निष्कर्ष लिहिताना करावा लागतो. उसाच्या हंगामात रात्री बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मागून आदळलेला मोटारसायकलस्वार या दुसऱ्या गटात किती वेळा असतो, ते गाडीच्या नोंदीवरून कधीच कळणार नाही. आषाढीला पंढरपुरात उलटा प्रश्न असतो. उपचार घेतलेले मोजता येतात, पण दर हजारी प्रमाण काढायला भागायचं कशानं? गर्दीचा आकडा जितक्या तोंडी तितका.

नमुन्याचा आकार काढायचं सूत्र सोपं आहे. ज्याचं प्रमाण माहीत नाही त्यासाठी ५० टक्के धरायचे, ५ टक्के चूक मान्य केली की ३८५ येतात. पण हे ३८५ म्हणजे जोडी जुळलेले रुग्ण, निघालेल्या गाड्या नव्हेत. सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) बहुतेकजण इथेच फसतात. आणखी एक सापळा: लवकर पोहोचलेल्या गाडीतले रुग्ण जास्त दगावतात असा निकाल कधीतरी हमखास निघतो. घाबरायचं नाही. कॉल गंभीर असेल तर गाडी जवळची आणि वेगानं पाठवली जाते, म्हणून वेगवान गाडीत मुळातच गंभीर माणूस असतो. गंभीरतेचा हिशेब न करता वेळ आणि मृत्यू यांचा संबंध लावला, की अँब्युलन्सच माणसं मारते असं सिद्ध होतं.

गाडीत खरा प्रयोग करता येतो का, असं प्रत्येक बॅच विचारते. उत्तर ऑक्सिजनच्या गणितातून देता येतं. बी-टाइप सिलिंडरची पाण्याची क्षमता १० लिटर. गेजवरचा बारमधला आकडा गुणिले १०, एवढे लिटर ढोबळमानानं आत. १५० म्हणजे १५००. करमाळ्याहून सोलापूरला रेफर केलेला रुग्ण, अंतर साधारण १३० किलोमीटर, अडीच तास धरा. मिनिटाला १० लिटर लावले तर १५० मिनिटांत बरोबर १५०० लिटर. काठोकाठ भरलेला सिलिंडर दारात येऊन शून्य. शेवटचे २० राखीव ठेवायचे म्हटलं तर मोहोळ ओलांडल्यावर कुठेतरी हिशेब संपतो. मग वर्गात प्रश्न येतोच: पण सगळ्यांना १० लिटर हवेत कशाला?

हाच प्रश्न टास्मानियात प्रयोग करून सोडवला गेला. २०१० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला तो अभ्यास आम्ही दर वर्षी ओळ-ओळ वाचून घेतो. सीओपीडीचा (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा) दम लागल्याचा संशय असलेले ४०५ रुग्ण आणि ६२ पॅरामेडिक. चिठ्ठी रुग्णांची नाही, पॅरामेडिकांची टाकली. काहींनी नेहमीसारखा जोरात ऑक्सिजन द्यायचा, काहींनी रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राहील इतकाच द्यायचा. जोरात दिलेल्या २२६ पैकी २१ दगावले, मोजून दिलेल्या १७९ पैकी ७. नवं औषध नाही, महागडं यंत्र नाही. धावत्या गाडीत दर रुग्णाला चिठ्ठी काढणं जमत नाही, म्हणून माणूसच गटात टाकायचा ही त्यातली खरी शिकण्यासारखी युक्ती. त्याची किंमतही मोजावी लागते. एकाच पॅरामेडिकचे रुग्ण एकमेकांसारखे वागवले जातात, म्हणून नमुना साध्या सूत्रापेक्षा मोठा लागतो.

पेपर लिहिण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पैसे घेऊन आठवड्यात छापतो म्हणणारं मेल आलं की ते पुसावं. लेखकांची नावं आणि क्रम काम सुरू व्हायच्या आधी कागदावर ठरवावा. पायलटनं वर्षभर घड्याळांचे फोटो काढले असतील तर आभारात त्याचं नाव त्याला विचारून घालावं. विसरलात तर पुढच्या वर्षी फोटो येत नाहीत, आणि त्याचंही बरोबरच असतं.

फॉर्मबद्दल एक शेवटचं. मनात येईल तो रकाना वाढवू नये. गाडीत एकाचे दोन्ही हात रुग्णावर असतात, चाळीस रकान्यांचा फॉर्म तो रात्री बेसवर बसून आठवून भरतो. आम्ही आधी ‘गाडी थांबली’ आणि ‘रुग्णापाशी पोहोचलो’ असे दोन रकाने ठेवले होते. दुसऱ्यात सरसकट पहिल्याच्या पुढची दोन मिनिटं पडायची, वस्ती फाट्यापासून कितीही आत असो. आता दुसरी वेळ कुणाला लिहायला लावत नाही. मॉनिटरच्या मेमरीतली पल्स ऑक्सिमीटरची पहिली नोंद घेतो. प्रोब बोटात गेला, म्हणजे माणूस रुग्णापाशी होता. हातपाय गार पडलेल्या रुग्णात ही नोंद उशिरा उमटते, बोटांना मेंदी असली तरी प्रोब कधी कधी अडतो, आणि हृदय थांबलेल्यात ती येतच नाही. तिथे छातीवर शॉकचे पॅड लावल्याची वेळ धरायची. दोन्ही वेळांना घड्याळाच्या फोटोतला फरक लावायचा, मगच तक्त्यात भरायच्या.